हरिनामाला मान डोलावणारी घोडी

व्हिडिओ आला तेव्हा धोंडू उतेकर ओटीवर बसून पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत होता. हात पिठानं भरलेले, म्हणून फोन कमळाबाईनंच त्याच्या डोळ्यांपुढं धरला. मुंबईहून सूनबाईनं, राजश्रीनं धाडलेला व्हिडिओ. एक पांढरी घोडी कच्च्या रस्त्यानं चालत येत होती. मागं टाळमृदंगाचा गजर, विठ्ठलनामाचा घोष, आणि त्या घोषाच्या ठेक्याठेक्याला घोडी मान डोलावत होती. खाली, वर. खाली, वर. अगदी समेवर. खालचा मजकूर कमळाबाईनं अडखळत वाचला: "हरिनामाला मान डोलावणारी घोडी. माळकरी घरात वाढलेली. वय पाच वर्षं. स्वभावानं गाय. ज्याच्या नशिबात असेल त्यानंच फोन करावा."

पिठाचा गोळा तसाच मुठीत धरून धोंडूनं व्हिडिओ पुन्हा बघितला. मग पुन्हा. शेवटी गोळा ताटलीत टाकला आणि मनगटानं डोळे पुसले.

"कमळे, ह्या जनावराला लय कळते गो," तो म्हणाला. "आपल्या मंडळात जन्मभर टाळ कुटणाऱ्यांना कळत नाय ती."

ह्या आनंदाच्या मुळाशी एक ठसठसतं दुखणं होतं. उमरठच्या वाटेवरच्या त्यांच्या वाडीत दर माघात हरिनाम सप्ताह बसतो. आठवडाभर पारायण, रोज कीर्तन, आणि काल्याच्या दिवशी पारायणाची पोथी घोडीच्या पाठीवर ठेवून गावाच्या शिवेभोवती दिंडी. त्या घोडीवर माणूस बसत नाही. रिकाम्या खोगिरावर पोथी, पोथीवर तुळशीचा हार, आणि लगाम धरून पुढं उतेकरांच्या घरचा माणूस. घोडी आणायचा मान त्यांचा. वाडवडील तट्टांवर मीठ लादून घाट चढायचे, तेव्हापासूनचा असावा. नेमकं कुणालाच ठाऊक नाही आणि कुणी विचारतही नाही.

पण गेल्या वर्षी सप्ताहाच्या तोंडावर धोंडूची म्हातारी घोडी, चिंगी, गेली. ऐन वेळी पोथी टेम्पोवर ठेवावी लागली. टेम्पो महाडच्या रऊफचा, धोंडूच्या तरुणपणापासूनच्या दोस्ताचा. त्यानं झेंडूच्या माळा लावून नवरीसारखा सजवून आणला. पण विहिरीच्या चढणीला टेम्पो जो बसला तो उठेना. पोथी धोंडूनं डोक्यावर घेतली आणि मागनं सगळी दिंडी टेम्पो ढकलत चालली. त्याच संध्याकाळी कमिटीचा नवा अध्यक्ष प्रितम जवळ येऊन म्हणाला होता, "काका, पुढल्या वर्षी घोडी आली तर आली, नायतर दिव्यांचा रथ सांगू. आणि एकदा रथ आला की मग रथच." तो हळू आवाजात, आदरानं बोलला, म्हणून ते जास्तच लागलं. वर्षभर धोंडूच्या कानात तेच वाजत होतं.

आणि आता सप्ताह आठवड्यावर आलेला असताना ही घोडी! देवानंच धाडलेली, दुसरं काय?

दुपारपर्यंत व्हिडिओ वाडीभर झाला, संध्याकाळपर्यंत शेजारच्या वाड्यांत. वाटेतली माणसं धोंडूला थांबवून विचारू लागली, नामाला डोलणारी घोडी तुझ्याकडेच येणार ना रे? तो नुसता छाती फुगवून हसायचा. सौदा व्हायच्या आधीच बाया तिच्यासाठी हार गुंफायची वाटणी करून बसल्या.

घोडी आणायला टेम्पो रऊफचाच. तो आला तेव्हा त्यालाही व्हिडिओ दाखवला. रऊफचे वडील महाडात टांगा हाकायचे. तो लहानाचा मोठा घोड्याच्या पायाशी झालेला. त्यानं व्हिडिओ बघितला, आवाज बंद केला, पुन्हा बघितला आणि दाढी खाजवली.

"धोंडूदादा, आमच्या बाबांच्या टांग्याची घोडी पण कधीकधी अशी मान हलवायची," तो म्हणाला. "मग बाबा तिला जुंपायचे नाहीत."

"तिला पण नामाचं वेड असंल," धोंडू म्हणाला.

"असंल," रऊफ म्हणाला आणि फोन परत दिला. ज्या माणसाचे डोळे पुन्हा ओले झालेत त्याच्याशी किती बोलायचं? जनावर समोर आल्यावर बघू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

घोडीवाल्याचं नाव यशराज. घाटावरचा तरुण पोरगा, फोनवर दर दुसऱ्या शब्दाला 'माऊली' म्हणायचा. घोडी दाखवायला त्यानं सवची गरम पाण्याची कुंडं सांगितली. म्हणे, तुम्हाला मला दोघांना मध्ये पडतं. खरं तर घाट उतरून येणाऱ्याला सव म्हणजे महाड ओलांडून पलीकडे; मध्ये कसलं? पण ते तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. उलट तीर्थासारख्या जागी सौदा होणार म्हणून मंडळी हरखली. सप्ताह बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं पारायण उरकून धोंडू, कमळाबाई, गळ्यात टाळ अडकवलेले मंडळातले गडी आणि मधोमध पांघरुणात गुंडाळलेला पखवाज, अशी वरात टेम्पोत बसून निघाली. नाते गावाचा फाटा मागं पडेपर्यंत गजर थांबला नाही. रऊफ पुढं एकटा गाडी हाकत होता आणि स्टेअरिंगवर बोटांनी ठेका धरत होता.

सवला कुंडांवर वाफ तरंगत होती. सावित्रीच्या काठी, सपाट जागेवर, आंब्याखाली घोडी उभी. धोंडूनं लांबूनच हात जोडले. पांढरीशुभ्र, डोळे काळेभोर, शांत. यशराजचा गडी तिच्या पुढच्या डाव्या पायाला गुंडाळलेलं ओलं पोतं सोडत होता.

"आंघोळ घातली, माऊली," यशराज हसत पुढं आला. "पवित्र पाण्याची."

"एकाच पायाची आंघोळ?" कमळाबाईनं विचारलं.

"बाकीचे वाळले, आई."

रऊफनं तोवर घोडीचा ओठ उचलून दात बघितले. "पाच वर्षं म्हणालास ना? पाच वर्षं हिच्या लेकीचं वय असंल."

यशराजनं हसण्यावारी नेलं. जाहिरातीत वर्ष-दोन वर्ष इकडं तिकडं चालतंच, चाचा. धोंडूला ते ऐकूही गेलं नाही. त्याचं लक्ष घोडीच्या मानेवर. त्यानं पखवाज गळ्यात अडकवला, टाळकऱ्यांना खूण केली, गड्यानं लगाम धरला, आणि गजर सुरू झाला.

घोडी चालली. सुरेख चालली. पाय कसे मोजून टाकलेले, पाठ सरळ. पण मान? मान ताठ. निवडून आलेला माणूस जुन्या ओळखीच्यांसमोरून जातो, तशी ती त्या सगळ्या घोषातनं सरळ पुढं बघत निघून गेली.

धोंडूला वाटलं, आपली लय चुकली असेल. त्यानं ठेका बदलला. मग नाम बदललं. रामकृष्णहरी झालं, ज्ञानोबा-तुकाराम झालं. एक जण म्हणाला, घाटावरची घोडी, तिला घाटावरची चाल पायजे. तशी चाल लावली. टाळकरी घामाघूम झाले. आंघोळीला आलेली माणसं ओल्या पंच्यांनिशी बघत उभी राहिली. घोडीच्या मानेचा केस हलेना.

यशराज रुमालानं मान पुसत म्हणाला, आज तिचा मूड नाही.

"देवाच्या नावाला मूड?" म्हातारा टाळकरी भडकला. "धोंडू, ही ती नव्हं. ह्यानं घोडी बदलली."

आणि मग ते सगळ्यांनाच पटलं. पांढऱ्या घोड्या काय एकमेकींसारख्या दिसतातच. डोलणारी कुठल्या तरी बड्या असामीला विकली आणि आपल्या गळ्यात ही साधी मारतोय! यशराज शपथा घ्यायला लागला. घोडी तीच, माऊली. आईशप्पथ तीच. कानाजवळचा करडा ठिपका व्हिडिओशी ताडून बघा. ताडून बघितला, तर तोच. तरी मंडळींचा विश्वास बसेना. मग त्यानं खोगीर आणि गळ्यातली घंटा वरनं फुकट देऊ केली. खोगीर नको, घंटा नको, आम्हाला डोलणारी पायजे. धोंडू पखवाज उतरवून खाली बसला होता. त्याच्या डोळ्यांपुढं दिव्यांचा रथ झगमगायला लागला होता.

गिऱ्हाईक उठून चाललेलं बघून यशराजनं शेवटचा डाव टाकला. "घाई करू नका. भाकरी खा, सावलीला पडा. ऊन कललं की ती रंगात येते. तेव्हा बघा आणि मग बोला."

झालं. तांदळाच्या भाकऱ्या सुटल्या, सुक्या बटाट्याची भाजी आली. रऊफनं घरनं बायकोनं, आयशाबीनं, दिलेल्या डब्यातली वालाची उसळ सगळ्यांना वाढली. धोंडूची भाकरी हातातच राहिली. तो मनातल्या मनात एकच मागत होता: पांडुरंगा, एकदा डोलव तिला. एकदाच.

ऊन कललं आणि गजर पुन्हा सुरू झाला. घोडी निघाली. पहिल्या फेरीला काही नाही. दुसऱ्या फेरीला मान जराशी हलल्यासारखी झाली. आणि तिसऱ्या फेरीला, काय सांगावं! खाली, वर. खाली, वर. हुबेहूब व्हिडिओतली. म्हातारा टाळकरी 'आली, आली' करत उड्या मारू लागला. कुणी फुगडी धरली. पंचे नेसलेल्या अनोळखी माणसांनीही हात जोडले. धोंडूच्या हाताखाली पखवाज असा बोलायला लागला की तो त्याचा त्यालाच ओळखू येईना. गालांवरनं धारा वाहत होत्या आणि तो वाजवत होता. घोडी मान डोलावत होती आणि सगळे तिच्याभोवती नाचत होते. वाडीचा मान राहिला, घराण्याचा मान राहिला, देव पावला!

दमून सगळे थांबले. कमळाबाईनं पैशांच्या पुडक्याची गाठ तपासली. गडी घोडीला घेऊन पाण्याकडं निघाला. गजर बंद, टाळ बंद, नुसता नदीचा आवाज.

"अवो," कमळाबाई हळूच म्हणाली. "आता कशाला डोलतेय ती?"

धोंडूनं वर बघितलं. घोडी पाण्याकडं चालली होती. खाली, वर. खाली, वर.

"मनात नाम चालू असंल तिच्या," तो म्हणाला. पण बोलता बोलताच त्याचा आवाज बारीक झाला. त्याच्या हातात आयुष्यभराचा ठेका होता, आणि तो ठेका आता त्याला काही तरी सांगू बघत होता. तो उठला. पखवाज पुन्हा गळ्यात घातला आणि गड्याला म्हणाला, तिला परत आण.

त्यानं एकट्यानंच वाजवायला सुरुवात केली, आधी संथ. मग लय दुप्पट केली. टाळकऱ्यांच्या माना आपोआप दुपटीनं हलायला लागल्या. घोडीची मान होती तशीच. मग त्यानं लय अगदी पाडली, इतकी की दोन थापांमध्ये श्वास घ्यावा. घोडीची मान होती तशीच. मग त्यानं पखवाजावर तळवा दाबून धरला आणि फक्त तिचे पाय बघितले. पुढचा डावा टेकला की मान वर झटकायची. उजवा टेकला की खाली यायची. तिची सम पखवाजावर नव्हतीच. ती त्या डाव्या पायात होती.

धोंडूनं रऊफकडं बघितलं. रऊफनं मान खाली घातली होती.

"तुझे बाबा तिला जुंपायचे का नाहीत रे?" धोंडूनं विचारलं.

"लंगडायची म्हणून," रऊफ म्हणाला. "दुखऱ्या पायावर भार येऊ नये म्हणून घोडं मान उचलतं, दादा. तू ऐकलं नसतंस."

धोंडू यशराजकडं वळला. "सकाळी काय केलंस तिला?"

यशराजनं इकडंतिकडं बघितलं. टाळकऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं होतं, तेच टाळकरी आणि तेच कडं, फक्त आता कुणी नाचत नव्हतं.

"एक सुई दिली दुखण्याची. आणि गरम पाण्यानं शेकलं," तो म्हणाला. "सगळेच देतात, माऊली. गिऱ्हाईकापुढं लंगडू नये म्हणून."

"आणि व्हिडिओत?"

"व्हिडिओत लंगडतच होती. कुणी फोन करेना. मग त्यावर भजन टाकलं." त्यानं रुमालानं पुन्हा मान पुसली. "लंगडी म्हणून कोण घेणार? भक्त म्हणून घेतात."

कुणाचा तरी हात उगारला गेला. धोंडूनं तो धरला. ह्या पोरानं एकाच घोडीच्या दोन जाहिराती केल्या होत्या, एक धडधाकट म्हणून, डोळ्यांसाठी, आणि एक भक्त म्हणून, भोळ्या मनासाठी, आणि त्या दोन्ही आज समोरासमोर आल्या होत्या. सकाळी सुईनं लंगडणं लपलं तर भक्तीही लपली! एरवी धोंडूला ह्याचं हसू आलं असतं. आता त्याला रथ दिसत होता, प्रितमचा आदरानं झुकलेला चेहरा दिसत होता.

"तुमचं भांडण होईल मागनं," कमळाबाई म्हणाली. ती घोडीजवळ जाऊन उभी राहिली होती. "तिचं काय दुखतंय ते बघा की कुणी. मगासपासून तिला नाचवताय."

धोंडू वळला आणि घोडीकडं गेला. मगाशी आपण नाचलो, रडलो, देव पावला म्हणालो, ते ह्या मुक्या जिवाच्या कळांवर. एकेक कळ उठत होती आणि आपण तिला ताल म्हणत होतो. त्यानं घोडीच्या गळ्यावर हात ठेवला. ती हलली नाही.

रऊफनं बाही सारली, डावा पाय उचलून मांडीवर घेतला आणि टेम्पोतला पान्हा मागवला. नालेचा एकेक खिळा तो हलकेच ठोकून बघत गेला. एका खिळ्यापाशी घोडीनं पाय असा हिसडला की रऊफ मागच्या मागं पडला. उठला तो हसतच.

"नाल नवी हाय," तो म्हणाला. "ठोकणाऱ्यानं खिळा जिवंत मासात घातलाय. ए माऊलीवाल्या, घेतल्यापासून एकदा तरी पाय उचलून बघितलास?"

यशराजनं बघितला नव्हता. लंगडी म्हणून स्वस्तात मिळाली, झाकून विकायची, मध्ये पाय कशाला बघायचा? रऊफनं पकडीनं नाल उचकटून तो खिळा ओढला. काळपट पू आला, वास आला, आणि घोडीनं असा लांब सुस्कारा सोडला की पंचावाली माणसंही हळहळली. मग सकाळचंच पोतं, सकाळचंच गरम पाणी. पण सकाळी त्या पाण्यानं झाकलं होतं, आता ते निचरत होतं.

धोंडू यशराजसमोर उभा राहिला. "ती जाहिरात आत्ता काढ. माझ्यासमोर."

काढली.

"घोडी मी नेतो. लंगड्या घोडीचा भाव. आणि पैसे काल्याच्या दिवशी. शीव पूर्ण फिरली तर पैसे. मध्येच लंगडली तर घोडी तुझी. तू स्वतः यायचं. जेवायलाच ये."

यशराजनं भोवतीचं कडं बघितलं आणि कबूल केलं.

वाडीत घोडी उतरली तशी सगळी वाडी गोळा झाली. डोलते का, दाखव की. धोंडू म्हणाला, काल्याला बघा. पाहुणी दमलीय. गोठ्याला पडदा लावला. उरलेले दिवस पारायणाला त्याचं चित्त अर्धं पोथीत आणि अर्धं गोठ्यात. कमळाबाई कडुलिंबाचा पाला उकळायची, तो पाय शेकायचा आणि तळव्याला पोतं बांधायचा. रोज गोठ्यात दोन पावलं चालवून बघायचा. मान हलायची. मग कमी हलायची. सप्ताहातल्या कीर्तनांत बुवा रंगात यायचे, सगळं गाव माना डोलवायचं, आणि धोंडू पखवाज वाजवता वाजवता एकच विनवायचा: पांडुरंगा, डोलू नको देऊ तिला. परवापर्यंत ज्या देवाकडं त्यानं उलटं मागितलं होतं, त्याच देवाकडं. देवालाही गंमत वाटली असेल.

काल्याच्या दिवशी सकाळी रऊफनं येऊन नवी नाल बसवली. वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. व्हिडिओ जिथं जिथं पोचला होता तिथनं माणसं आली होती. यशराजही आला होता, लांब उभा. प्रितम फोन कानाला लावून रथवाल्याशी बोलत होता. त्यानं रथ तयार ठेवायला सांगितला होता, लागला तर असावा म्हणून. पोथी खोगिरावर चढली. तुळशीचा हार पडला. धोंडूनं पखवाज आज दुसऱ्याच्या गळ्यात दिला आणि स्वतः लगाम धरला.

दिंडी निघाली. धोंडूनं मागं वळून बघायचं धाडस केलं नाही. लगामातनं काय हाताला येतंय तेवढंच तो ऐकत होता. देऊळ गेलं, शाळा गेली, ओढा गेला. टाळांचा कल्लोळ उठला. हातातला लगाम स्थिर. मग विहिरीची चढण आली, गेल्या वर्षी टेम्पोनं दगा दिला ती. दिंडीचा आवाज चढला, बाया टाळ्या पिटू लागल्या, सगळ्यांचे डोळे घोडीच्या मानेवर. आता डोलेल, आता डोलेल. धोंडूचं काळीज पखवाजापेक्षा मोठ्यानं वाजत होतं.

घोडी चढली. एकेक पाऊल रोवत, मान ताठ ठेवून, पोथी जराही न हलू देता, ती चढणीच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली.

गजर थोडा विरला. गर्दीतनं कुजबुज उठली. डोलत नाय रे. एवढ्या लांबनं आलो. प्रितम गर्दीतनं वाट काढत धोंडूपाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं होतं.

"काका, फसवलं तुम्हाला त्यानं. ही डोलत नाय."

धोंडूनं आता कुठं मागं वळून घोडीकडं बघितलं. हसू त्याच्या मिशांतनं सांडत होतं.

"डोलत नाय, म्हणून तर आणली बाबा," तो म्हणाला.

प्रितमला काहीच कळलं नाही. पण मागं रऊफ पोट धरून हसायला लागला, मग कमळाबाई हसली, मग सवला आलेले सगळे टाळकरी. काय झालं ते न कळताच बाकीचेही हसायला लागले, आणि त्या हसण्यातनंच गजर पुन्हा उचलला गेला. प्रितमनं रथवाल्याला फोन लावून नको म्हणून सांगितलं. शिवेची अर्धी वाट अजून बाकी होती. धोंडूनं लगाम हाताला गुंडाळला आणि उताराला पाऊल टाकलं. मागं दहा वाड्यांच्या माना डोलत होत्या, खाली, वर, खाली, वर, आणि पुढं पोथी घेतलेली एकटी घोडी सरळ चालली होती.